आधी धुवायचं, मंग भरायचं

घाटंजीत बसस्टँडच्या बाजूले माही टपरी आहे. मोबाईलचे कव्हर, चार्जर, अन् ट्रॅक्टरवाल्याईले पेनड्राइव्हात गाने भरून देनं. शाळेत मी इतकाच गेलो की मास्तरले माहं तोंड पाठ होयाच्या आधी मी परत ढोरामांगं होतो. इंग्रजीचं तर नावच नको. पन कम्प्युटरवर ज्या पाट्या येतात त्या मी ओयखतो, गल्लीतले कुत्रे ओयखाव तशा. कोनती चावते, कोनती नुसती भुकते.

ट्रॅक्टरच्या टेपचा मोठा नखरा असते. त्याले जुन्या पद्धतीचाच पेनड्राइव्ह समजते. दुसऱ्या पद्धतीचा खुपसला की मुका. म्हनून माहा नेम ठरलेला: कोनाचाही येवो, आधी धुवायचा, म्हनजे फॉरमॅट मारायचा, मंग गाने भरायचे. पाटी आली की दाब, दुसरी आली की दाब, तिसरी आली की दाब. लोकं म्हनत, "भाऊचा हात लई फास्ट!" अन् मी फुगत जाओ.

त्या दिवशी सकायी आमच्याच वार्डातली एक ताई आली. रुमालात गुंडायलेली हार्ड डिस्क होती.

"भाऊ, यातला आईचा व्हिडिओ पेनड्राइव्हात टाकून द्या. आई गेली ना, चार वाजता तिचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे, टीव्हीवर लावाचा आहे. बाबाले आता धड दिसत नाही, पन आवाज तर आयकतीन. उठल्यापासून इचारून राह्यले, आवाज आला का म्हनून."

"पाच मिनटाचं काम, ताई," मी म्हनलो, अन् वायर खुपसली.

पाटी आली. दाबली. दुसरी आली. दाबली. तिसरीवर हात चालला, तर ताईनं माहं मनगटच धरलं.

"थांबा! यात सगळं मिटन म्हनून लिहून आहे!"

"असं लिहून असते काय त्याच्यात?"

मी खरंच इचारलं. आजवर मले वाटे, कम्प्युटर रामराम करून राह्यला.

"तुमाले वाचता येत नाही, भाऊ?"

"वाचता आलं असतं त मी टपरीत बसलो असतो? पंचायतीत बसून दुसऱ्याले लिवाले लावलं असतं."

ताई हसली नाही. तिचं तोंड पांढरंफक पडलं होतं. तिनं पुन्यातल्या भावाले फोन लावला, स्पीकरवर.

"दुसरी कॉपी आहे का रे तुह्याजवळ?"

"कुठून? कम्प्युटर कंपनीचा होता ताई, परत दिला मी. आई त्या डिस्कमधीच आहे." मंग म्हने, "तिथं कोन बसून आहे? त्याले म्हना हात लावू नका. ते सफरचंदवाल्या कम्प्युटरवर भरलं आहे. तिकडचे कम्प्युटर ते वाचू शकत नाहीत. अन् वाचता आलं नाही की पुसून टाकू का म्हनून इचारतात."

म्हनजे कम्प्युटरही माह्यासारखाच. फरक इतकाच, तो इचारते तरी.

पांढरकवड्याले एका फोटो स्टुडिओत तसला कम्प्युटर होता. मी शटर पाडलं, ताईले गाडीवर मांग बसवलं. डिस्क तिनं पोटाशी धरली होती. खड्डा आला की म्हने, "हळू, भाऊ, हळू!" अन् मोबाईलमधी टाइम पाह्यला की म्हने, "जरा जोरात घ्या ना!" मी दोन्ही आयकत गेलो. दोन पाट्या तर मी दाबूनच बसलो होतो. त्यात काय गेलं, काय राह्यलं, कोनाले माहीत?

स्टुडिओवाल्यानं डिस्क हातात घेतली. "याच्यात कोनी काही दाबलं काय?"

मी छताच्या पंख्याकडं पाह्यलं.

"दोन पाट्या दाबल्या," ताई म्हनली. कोनी ते तिनं सांगितलं नाही, पन त्यानं माह्याकडं असं पाह्यलं की मी स्टुलावरून उठून उभा राह्यलो.

वायर लावली. पडद्यावर काहीच नाही. ताईनं पदराचं टोक दातात धरलं. मंग कोपऱ्यात एक लहानसं चित्र उगवलं. स्टुडिओवाल्यानं त्याच्यावर दोनदा टिचकी मारली.

"काहून रे ते धरून राह्यला माह्या तोंडापुढं?" पडद्यावर एक म्हातारी बाई करवादली. "सर तिकडं!"

ताई मटकन खालीच बसली.

ताईच्या घरचा टीव्ही जुना होता, त्यालेही जुन्या पद्धतीचाच पेनड्राइव्ह समजे. एवढी मोठी फाइल जुन्या पद्धतीच्या पेनड्राइव्हात एका घासात मावत नाही, म्हनून स्टुडिओवाल्यानं दोन तुकडे करून भरले. मले जवळ येऊ दिलं नाही. मी मागितलंही नाही.

आम्ही ताईच्या घरी पोचलो तं लोकं बसले होते. वंदना झाली, मंग ताईनं टीव्ही लावला. बाबा पुढच्या खुर्चीवर, मान वाकडी करून, कान पडद्याकडं. पहिला तुकडा झाला, दुसरा लागला. टीव्हीतून आईचा आवाज आला, "अवो, आयकता काय? ताट वाढलं, या ना लवकर!"

"आलो," बाबा म्हनले अन् उठूनच उभे राह्यले.

ताईनं त्याईच्या खांद्याले धरून हळूच बसवलं. बसल्यावर ते म्हनले, "अजून एकदा लाव, बेटा."

रिमोट माह्या पुढ्यात पडला होता. मी उचलाले वाकलो, तर ताईनं माह्या आधी झपकन उचलला अन् सोताच दाबला.