वाळूसाठी बर्फाचं पातं

रास अल खोरच्या यार्डात माझं टेबल आहे आणि टेबलावर एका थंड देशातला जाडजूड कॅटलॉग. छोट्या लोडर मशीनचा. त्यात पानोपानी बर्फ. बर्फ ढकलणारं मशीन, बर्फातून तबेल्याकडे चारा नेणारं मशीन. माझ्या मुलीने तो चाळून एकदा विचारलं होतं, "ममा, यू सेल स्नो मशीन्स? इन दुबई?" विकते म्हटलं, आणि खपतात. बर्फ सरकवायचं पातं वाळूलाही चालतं, हे ओळखायला बर्फात जन्मावं लागत नाही.

मशीन निवडण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. हे दुसरं कुणी म्हणेपर्यंत थांबायचा माझा स्वभाव नाही, म्हणून मीच सांगून टाकते. पुण्यात इंजिनीअर झाले, इथे यार्डात उभी राहून शिकले. दरवाजा किती रुंद, जमीन कशी आणि काय उचलायचंय, हे तीन प्रश्न मी विचारते आणि तेही जागेवर जाऊन, टेप घेऊन. ऑफिसात बसून मशीन सुचवणाऱ्यांना मी उंटावरचे शहाणे म्हणते. आपल्याकडे ही नुसती म्हण. इथे उंटही आहेत.

शहराबाहेरच्या एका घोड्यांच्या तबेल्याची चौकशी आली, तेव्हाही मी टेप घेऊन गेले. केरळी मॅनेजरने सगळं दाखवलं. लांबच लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना घोडे, खाली रबरी मॅट. रोज लीद आणि भुसा बाहेर काढायचा. शिवाय वारा सुटला की उत्तरेच्या दरवाजाशी वाळूचा असा ढीग लागायचा की दरवाजा उघडतच नसे. घोडे आत अडकायचे.

हे सगळं काम फावडं आणि हातगाडीने करणारा माणूस रत्नागिरीकडचा निघाला. साठीच्या आसपासचा, पांढरी दाढी, डोक्याला रुमाल. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागले. मी पोचले तेव्हा ते चाऱ्याच्या खोलीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून दुपारचा नमाज पढत होते. मग उठून त्यांनी टेपचं दुसरं टोक धरलं. मी मराठी बोलते म्हटल्यावर चेहरा खुलला.

"मशीन मीच चालवणार, बाय," त्यांनी सांगितलं. "मॅनेजर बोलला, तुला जमलं तर तूच, नायतर दुसरा बघतो. लेक नर्सिंगला हाय. अजून दोन वर्षं मला इथे काढायचीच हायत."

"जमेल की चाचा, त्यात काय," मी म्हणाले. टेपवरचा आकडा वहीत लिहिता लिहिता म्हणाले, वर न बघता.

निवड सोपी होती. पॅसेज अरुंद, म्हणून जागच्या जागी गोल फिरणारा लोडर. या मशीनला बाजूने दार नसतं. पुढच्या बकेटवर पाय ठेवायचा, बकेट उचलणाऱ्या दोन लोखंडी हातांमधून वाकून आत शिरायचं आणि गुडघे जवळ घेऊन बसायचं. मी स्वतः शंभरदा शिरले असेन. मॅनेजरलाही तेच हवं होतं, शेजारच्या तबेल्यात त्याने ते पाहिलं होतं. मी आनंदाने कोटेशन पाठवलं आणि डेमोचा दिवस ठरवला.

त्या दिवशी मशीन उतरवलं, सुरू करून दाखवलं, बंद केलं. "यल्ला चाचा, चलो," मॅनेजर म्हणाला.

चाचा मशीनला एक फेरी मारून आले. रुमालाने बकेट पुसली. नवीकोरी बकेट, तिला पुसायचं काय? मग तिच्या काठावर हात ठेवून ते नुसते उभे राहिले. मी म्हटलं, "चाचा, चढा ना."

मॅनेजर दोन हातांच्या अंतरावर उभा होता. चाचांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हलक्या आवाजात मराठीत म्हणाले, "बाय, माझा डावा गुडघा वाकत नाय. दोन वर्षं झाली. ह्याला सांगू नको."

ती प्लास्टिकची खुर्ची मला तेव्हा आठवली. धडधाकट माणूस खुर्चीत बसून नमाज पढेल कशाला? मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि दरवाजाची रुंदी मोजत बसले होते. लाज वाटली. 

"क्या बोलता है?" मॅनेजरने विचारलं.

दुभाषी मीच होते आणि चाचांची इथली पुढची दोन वर्षं माझ्या तोंडात होती.

"चाचा बोलते हैं, मॅडम मशीन गलत लाया," मी म्हणाले. "और सही बोलते हैं. मेरा मिस्टेक है."

मग मी स्वतःच बकेटवर चढून आत शिरले, मशीन मॅटवर नेलं आणि जागच्या जागी वळवलं. चाकं घासली, रबराला ही मोठी वळी पडली. आतला एक घोडा फुरफुरला. हे असं होणार, हे मला आधीपासून माहीत होतं. मॅट बदलता येतात म्हणून मी ते सोडून दिलं होतं. म्हणजे मी बोलले त्यात खोटं काहीच नव्हतं, फक्त चाचा ते बोलले नव्हते.

"रोज ऐसा घूमेगा तो मॅट खलास," मी उतरून म्हणाले. "दूसरा भेजती हूँ."

मॅनेजरने मॅटकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं. "रायटिंग में देना, मॅडम. मॅट का रीझन लिखना."

स्वतःची चूक लेटरहेडवर लिहायची मला सवय नव्हती. लिहिली. यार्डात दोघं तिघं गालातल्या गालात हसले, हसू दिलं.

पुढच्या आठवड्यात मी दुसरा लोडर नेला. हा मध्ये बिजागरीसारखा वाकतो, त्यामुळे वळताना मॅट ओरबाडत नाही. दरवाजातून जाताना दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरत होती, तेवढी पुरते. मुख्य म्हणजे याला बाजूने चढायचं असतं, खाली एकच बुटकी पायरी. चाचांनी उजवा पाय पायरीवर ठेवला, दांडा धरला आणि डावा पाय आत ओढून घेतला. तासाभरात त्यांचा हात बसला. पुढे बर्फाचं पातं लावून ते उत्तरेच्या दरवाजाशी गेले आणि अख्खा ढीग असा बाजूला सारला की मॅनेजरने आतून दरवाजा एका हाताने ढकलून उघडला.

तो माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. मी स्वतःवर बेहद्द खूश होते. मशीन बरोबर, मॅट शाबूत आणि गुडघ्याची गोष्ट चाचांच्या आणि माझ्यातच राहिलेली.

"घुटना का मुझे मालूम था, मॅडम," तो समोर बघतच म्हणाला. "लेकिन ऑफिस को घुटना कैसे लिखेगा? इसलिए मॅट लिखवाया."

 

तेवढ्यात चाचांनी मशीन बंद केलं आणि दांडा धरून उतरायला लागले. उतरताना डावा पाय अडखळला आणि त्यांनी पटकन आमच्याकडे पाहिलं. मी आणि मॅनेजर, दोघंही घोड्यांकडे बघत होतो.