मेली म्हणून काढलेली झाडं

त्या उतारावरची झाडं मेलीत, हे मी स्वतः ठरवलं. कुणी माझे कान भरले नव्हते. दुसऱ्यावर ढकलावं म्हटलं तरी दुसरं कुणी सापडत नाही.

मी कोल्हापुरात कचेरीत खुर्ची झिजवणारा माणूस. आमची जमीन हातकणंगल्याकडच्या एका डोंगराच्या पायथ्याला, आणि तिथं माझी काकी एकटी राहायची. चुलते वारलेले, मूलबाळ नाही. तीन म्हशी, दोन वेळचं दूध डेअरीला, आणि हे सगळं चालायचं उताराखालच्या विहिरीवर. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्या विहिरीचा तळ बघितला नव्हता.

विहिरीच्या वर उतारभर शेमटं, सावरी, पळस अशी रानझाडं. राधानगरीकडं उन्हाळ्यातही जंगल हिरवं असतं, आमच्याकडं पाऊस कमी, त्यामुळं झाडं बोडकी होतात. हे मी लहानपणापासून बघत आलोय. मग मला काय अवदसा आठवली? त्या साली संक्रांतीलाच पानं झडली, पळस-सावरीला फुलंही नीट धरली नाहीत. माघात अंग भाजायला लागलं. मोबाईलवर रोज वाचत होतो, जग तापतंय, जंगलं वाळतायत. मला वाटलं, आली आपल्या डोंगराची पाळी. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो मीच.

चैत्रात काकी आठ दिवस नृसिंहवाडीला गेली. म्हशी शेजारणीवर सोपवल्या. म्हटलं, हीच वेळ. ती यायच्या आत वाळलेलं सगळं काढायचं, आंब्याच्या कलमांना खड्डे मारून ठेवायचे आणि तिला चकित करायचं. म्हातारपणी सावली होईल, चार आंबे खाईल. जेसीबी बोलावला. मशीनवाला मध्येच एकदा म्हणाला, वाळलेली म्हणताय, पण बुंधे वजनाला लई हाईत. मी म्हटलं, तू आपलं काम कर. दीड दिवसात उतार दाढी केल्यासारखा गुळगुळीत झाला. ‘नादखुळा काम’ म्हणून मी फोटोसुद्धा काढले, आता ते बघवत नाहीत.

काकी आली ती प्रसादाची पिशवी हातात घेऊन तशीच उभी राहिली. मी हसत कलमांचं सांगत होतो. ती ऐकत नव्हती. आडव्या पडलेल्या एका शेमटापाशी खाली बसली आणि नखानं साल खरवडली. आत हिरवंगार. बोटाला ओल लागली. मी पळत दुसऱ्या बुंध्याकडं गेलो, तिसऱ्याकडं गेलो. सगळीकडं हिरवं.

“जित्ती हाईत की रं,” ती म्हणाली. “दरसाल पानं टाकून गप बसत्यात. वळवाच्या तोंडाला फुटत्यात. मला का न्हाय इचारलंस?”

काय सांगणार? तुला चकित करायचं होतं म्हणून? तिनं मला शिव्या घालायला पाहिजे होत्या, चांगलं झालं असतं. ती धारा काढायला निघून गेली.

तीन आठवड्यांनी वळीव झाला. हल्लीचा वळीव म्हणजे आभाळ फाटल्यासारखा, अर्ध्या तासात सगळा हिशोब चुकता. शेजारणीचा फोन आला, लवकर या, विहीर गेली. मला कळेना, विहीर कशी जाईल? सकाळी पोचलो तर काठाच्या खाली हातभरावर तांबडा चिखल. पायऱ्या दिसत नव्हत्या. मी काढलेल्या खड्ड्यांसकट उताराची माती खाली उतरली होती. मी काठावरच बसलो.

मी गाळ काढून घेतला, दोनदा. मनाची समजूत घातली की झालं, निस्तरलं. पण त्या पावसाळ्यात उतारावर पाणी थांबलंच नाही. पडलं की ओढ्याला पळालं. मुरायला खाली पालापाचोळा नाही, मुळं नाहीत. पुढच्या फाल्गुनात विहिरीचा खडक उघडा पडला. पुन्हा खड्डे काढून लावलेली कलमं तर त्याच्या आधीच वाळली होती, आणि ती मात्र खरोखरची मेलेली.

पिण्यापुरता टँकर मिळतो हो, पण तीन म्हशी टँकरवर कशा जगवायच्या? मी खूप मार्ग सुचवले. तिनं ऐकून घेतलं आणि राधानगरीकडच्या भावाला निरोप धाडला, तिकडं पाणी आहे, वैरण आहे, म्हशी घेऊन जा.

टेम्पो आला. दोन म्हशी चढल्या. तिसरी काही केल्या फळीवर पाय ठेवेना, मागं वळून गोठ्याकडं ओढ घ्यायची. भाऊ घामाघूम झाला. मी पुढं होऊन कासरा धरला. काकी आली, माझ्या मुठीतून तो सोडवून घेतला.

“तू हात लावू नगंस,” ती म्हणाली.