नातीचे वीस दात आणि माझा एक

माझ्या थोरल्या भावानं मला फसवलं. मी नऊ वर्षांचा होतो आणि तो सोळाचा. म्हसवडच्या यात्रेत पाळण्यात बसवतो म्हणाला आणि दात काढणाऱ्या माणसापुढं नेऊन बसवलं. तो माणूस झाडाखाली चादर अंथरून बसला होता. चादरीवर लोकांचे काढलेले दात मांडून ठेवले होते, दुकानात माल मांडतात तसे. असलं काही मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून वाकून बघायला लागलो. तेवढ्यात भावानं मागून माझं डोकं दोन्ही गुडघ्यांत धरलं. पुढचं सांगत नाही. पाळण्यातही बसवलं नाही. तोंडातून रक्त येतंय, वर गेलास की उलटी होईल, म्हणाला.

याला पन्नास वर्षं झाली. भाऊ फौजेत गेला, परत येऊन साताऱ्यात घर बांधून राहिला. मी गावातच दोन शेळ्यांवर धंदा सुरू केला आणि आज आसपासच्या बाजारांत माझ्या शब्दावर जनावर इकडचं तिकडं होतं. माझं डोकं लवकर फिरतं, हे खरं. पण व्यवहारात मला पुन्हा कुणी फसवलेलं नाही. विकणारा काय बोलतो ते मी ऐकतच नाही. शेळीचा खालचा ओठ अंगठ्यानं ओढतो आणि दात बघतो. बारीक दुधाचे दात असले तर पिल्लू, मधले दोन पडून रुंद दात आले की दोन दाती, मग चार दाती. मालक वय चोरतो, दातांना ते जमत नाही. आणि इतक्या तोंडांत बघणाऱ्या माझ्या तोंडात मात्र त्या यात्रेपासून मी कुणाला बघू दिलेलं नाही. दुखलं की लवंग धरायची आणि गप्प बसायचं.

गेल्या उन्हाळ्यात माझी पाच वर्षांची नात आठवडाभर गावी होती. तिच्या मागच्या दाढेवर काळा ठिपका दिसायला लागला होता. मुलगा आणि सून साताऱ्यातच राहतात. सून कवठे महांकाळची, शिकलेली पोरगी. तिनं साताऱ्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं सोमवारची वेळ घेतली. आत्ता बघितलं तर थोडक्यात भागेल, ठणका लागल्यावर नेलं तर पोरगी जन्मभर डॉक्टरांना भिईल, असं त्या फोनवर म्हणाल्या होत्या. सुनेनं मला फोन केला तेव्हा भाऊ तिच्याच घरी चहा प्यायला बसला होता. तो मधेच बोलला, "तिला काय बी सांगू नका. बागंत नेतो म्हणायचं आन थेट खुर्चीत बसवायचं. पोरांचं असंच असतंय गड्या."

माझ्या डोळ्यांपुढं ती चादर आली. "तू फोन ठेव," मी ओरडलो. "माझ्या नातीला कुणी फसवायचं न्हाई. तिला काय सांगायचं ते मी सांगतो."

आणि सांगितलं. मला जे येत होतं त्यातूनच सांगितलं. तिला गोठ्यात नेलं, एक शेळी गुडघ्यांत धरली आणि ओठ खाली केला. "ही बघ. अशा डॉक्टरीणबाई तुझे दात बघणार, मोजणार. ठिपक्याला काय औषध लागतंय ते लावणार. जरा दुखंल न दुखंल."

पोरगी घाबरली नाही. उलट तिनं शेळीच्या तोंडात जवळजवळ डोकंच घातलं.

"आबा, हिचे वरचे दात कुणी काढले?"

"कुणी न्हाई काढलं. शेळीला वर पुढचे दात नसत्यातच."

"मग पाला तोडते कशी?"

"खालचे दात आन वरची हिरडी. दाबून तोडती."

तिनं स्वतःच्या वरच्या दातांवर बोट दाबून बघितलं. मग लिंबाची डहाळी आणली, शेळीपुढं धरली आणि तिचं तोंड कसं हलतं ते खाली बसून बघत राहिली. शेळीचा खालचा जबडा आडवा फिरतो, आपला वरखाली होतो, हे माझ्या जन्मात माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिनं दाखवलं.

"मग तुझा वरचा एक कुणी काढला?" तिनं अचानक विचारलं.

"ती लय मोठी गोष्ट हाय," म्हणून मी टाळलं.

तीन दिवस हाच खेळ. ती सगळ्या शेळ्यांचे दात मोजायची, मग माझ्यापुढं आ करून उभी राहायची आणि मी चमचा घेऊन तिचे मोजायचो. वीस. एका पांढऱ्या करडावर तिचा फार जीव बसला होता, कारण त्याचे दात तिच्यासारखेच बारीक होते. मी सुनेला फोन करून फुशारकी मारली, की पोरगी सोमवारी स्वतःहून तोंड उघडेल.

शनिवारी दुपारपासून तिनं तोंड उघडायचं बंद केलं.

म्हणजे जेवायची, पण हात आडवा धरून. बोलायची ते ओठ मिटून. मी चमचा काढला की पळून जायची. मला आधी राग आला, मग राग मावळला आणि कोडं पडलं. पडली होती का? नाही. ठिपका दुखायला लागला का? मान हलवून नाही म्हणायची. कुणी भीती घातली का? पुन्हा नाही. अडलेल्या जनावराच्या दावणीपाशी मी तासभर नुसता बसून राहतो, ते का अडलंय ते बघत. तसा तिच्याशेजारी बसलो. काही कळलं नाही. सुनेचा फोन आला, "आबा, तुम्ही नेमकं काय सांगितलंत तिला?"

सोमवारी सकाळी आम्ही दोघं साताऱ्याच्या एसटीत बसलो. दहिवडीच्या स्टँडवर गाडी थांबली, तेव्हा ती माझ्या कानाशी आली.

"आबा, डॉक्टरीणबाईंचा टेम्पो केवढा असतो?"

"कसला टेम्पो?"

"न्यायचा."

मी तिच्याकडं बघतच राहिलो. शनिवारी दुपारी एक गिऱ्हाईक आलं होतं. त्यानं पांढऱ्या करडाचा ओठ खाली केला, दात बघितले, मान हलवली आणि करडू टेम्पोत घातलं. पोरगी ओट्यावर बसून ते बघत होती. माझ्या डोक्यात ते आलंच नाही. आमच्या गोठ्यात ज्याचे दात बघतात, ते त्या घरातून जातं. तीन दिवस मी तिला तेच शिकवत होतो.

"आगं, माणसांना कोण नेत न्हाई," मी म्हणालो.

"करडाला सांगितलं होतंस का, की नेणार म्हणून?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

सून बसस्टँडवर आली होती. दवाखान्यात ती नाव नोंदवायला पुढं गेली आणि आम्ही बाकावर बसलो. बाजारात सौदा करताना आम्ही टॉवेलखाली एकमेकांची बोटं धरतो, म्हणजे भोवतीच्यांना कळत नाही. नातीनं हे पाहिलेलं होतं. तिनं माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, आमच्या हातांवर टाकला आणि खालून माझं एक बोट घट्ट धरलं.

"एक म्हंजे?"

"आधी तू एकटा. तुला नाही नेलं तर मग मी."

मी तिची दोन बोटं धरली. "दोघं संगंच दावू."

तिनं पुन्हा एकच बोट धरलं. मी टॉवेल झटकून उठलो आणि दाराकडं चालायला लागलो. बाजारात असं उठलं की समोरचा मागून हाक मारतोच. तिनं मारली नाही. दारापर्यंत जाऊन मला परत यावं लागलं.

अशा रीतीनं पन्नास वर्षांनी मी तोंड उघडलं. नात खुर्चीला नाक लावून उभी होती. डॉक्टरीणबाई पोरसवदा होत्या. आरसा आत घालण्याआधी त्यांनी तो मला दाखवला, हातात दिला आणि मग विचारलं, "आजोबा, घालू का?" मला हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

"हा पुढचा कधी गेला?"

"नऊ वर्सांचा होतो. दुधाचा किडला होता, तो काढला."

त्यांनी पुन्हा बघितलं. "नवव्या वर्षी या जागी दुधाचा नसतो. हा पक्का दात होता, म्हणून तर परत आला नाही. किडका शेजारचा असणार. तुम्ही हललात का त्या वेळी?"

हललो का! डोकं गुडघ्यांत होतं, पाय झाडत होतो, काय चाललंय ते माहीत नव्हतं. सांगितलं असतं तर दगडासारखा बसलो असतो. आणि हजार शेळ्यांचे दुधाचे आणि पक्के दात वेगळे करणाऱ्या मला स्वतःच्या तोंडातला ओळखू आला नव्हता, ते वेगळंच.

मी खाली उतरलो. नातीनं माझा दंड चाचपून बघितला, दाराकडं बघितलं आणि कुणी न सांगता खुर्चीत चढली. तोंड एवढं उघडलं की पडजीभ दिसली. वीस दात मोजून झाले, ठिपका कोरून तिथं पांढरं औषध भरलं. मधे एकदा ती कळवळली, पण हलली नाही. उतरल्यावर तिनं बाईंना विचारलं, "शेळीला वर पुढचे दात का नसतात?" बाई म्हणाल्या, "मला माहीत नव्हतं की नसतात." मग दोघी बराच वेळ त्यावर बोलत राहिल्या आणि बाहेर लोक ताटकळले.

तिथून मी नातीला घेऊन थेट भावाच्या घरी गेलो. तो व्हरांड्यात पेपर वाचत होता.

"काय रं, नेलीस का बागंत?" तो हसला.

"खरं सांगून नेली. ती हलली न्हाई. मी हललो हुतो, म्हणून त्यानं चांगला दात उपटला. पक्का. आज कळलं."

त्याचं हसू गेलं. "पन्नास वर्सं झाली लेका. मी बी पोरच हुतो."

"सोळा वर्सांचा. वाटंनं दोन कोस चालत गेलो आपण. तू माझा हात धरला हुतास आन सगळी वाट पाळण्याचं सांगत हुतास."

तो पेपरची घडी घालायला लागला. नातीनं त्याच्या गुडघ्याला हात लावला आणि वर बघत उभी राहिली.

"घडी राहू दे दादा. पाळणा बी राहू दे. त्या दोन कोसांत मला एकदा तरी खरं का न्हाई सांगितलंस? मला न्हाई, हिला सांग. आत्ता, हितं सांग."