इंगळेजींचे विजयाचे पोहे

विजयाचे पोहे इंगळेजी सामन्याच्या आधीच खाऊ घालत. नंतर खाण्याचा योग आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमच्या नशिबी नाही, हे त्यांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. शिट्टी वाजायच्या आधी खेळाडू मैदानाच्या कडेला प्लेटी घेऊन बसत आणि इंगळेजी वरून शेव भुरभुरत, जिलेबी वाढत फिरत. "खा रे भिया, ट्रॉफी उचलायला ताकत लागेल!" पोहे माझ्या हातचे असत. ट्रॉफी कुणाच्याच हातची नव्हती.

कॉलेज इंदूरच्या वेशीबाहेरचं, इंजिनिअरिंगचं. इंगळेजी तिथे प्रयोगशाळेत सहायक. मूळचे महूचे, वडील पलटणीच्या टीममधून खेळलेले, म्हणून फुटबॉल आपल्या रक्तात आहे असं ते मानत. रक्तातून तो पायांत कधी उतरला नाही. मी वाशीमकडचा, नववीत शाळा सोडलेला. इथे ओळखीचं कुणी नसताना मेसमधलं काम त्यांनीच मला लावून दिलं. तो उपकार जन्मभर राहील. पण त्यांची फुटबॉलची समज वैऱ्यालाही मिळू नये.

बाकीचे चाहते तर विचारूच नका. मॅचच्या आदल्या दिवशी कॅम्पसभर 'ट्रॉफी आपलीच'च्या घोषणा. पहिला गोल बसला की आपल्याच गोलकीपरच्या सात पिढ्यांचा उद्धार. हाफटाइमला सगळे गाड्या काढून पसार. ज्या पोरांनी सरावाला धड पंधरवडाही दिला नाही, त्यांच्याकडून ह्यांना देशाच्या टीमसारखा खेळ हवा! इंगळेजी मात्र शेवटपर्यंत थांबत, आणि शेवटपर्यंत ओरडत.

"अरे ओ भिया, डिफेंडर आहेस की फाटक? सगळ्यांनाच आत सोडतोस!"

"इंगळेजी, उद्या पेपर आहे त्याचा," मी म्हणायचो.

"आमच्या बाबांचा पास गोळीबारातही चुकला नसता. तू गप्प बैस, कढईकडे बघ."

शेजारच्या बेटमा गावच्या टीमशी मॅच होती तेव्हा त्यांनी प्रत्येकाला आग्रहाने दुसरी प्लेट वाढली आणि वर जिलेबी. दुसऱ्या हाफमध्ये आमचा सेंटर फॉरवर्ड धावता धावता थांबला, कॉर्नरच्या झेंड्याशी वाकला आणि सगळं बाहेर काढलं. पाच गोल बसले. चाहत्यांना आता गुन्हेगार सापडला. ग्रुपवर मेसेज फिरले, 'मेसवाल्याने हरवलं.' आदल्या दिवशी ट्रॉफी ठेवायला कपाट शोधणारेच हे लोक!

डायरेक्टरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दुसरा आचारी बघतोय, म्हणाले. काम गेलं तर खोलीही जाणार, आणि घरी सांगायचं काय? तेवढ्यात न बोलावता इंगळेजी आत आले.

"सर, इंदूरमध्ये पोह्याने कोणी हरत नाही. हरायचंच असेल तर माणूस उपाशीपोटीही हरतो."

"पण त्यांना दोन-दोन प्लेटी खाऊ कोणी घातल्या?"

"मी. मेमो द्यायचा तर मला द्या. ह्या गरिबाने फक्त कढई हलवली."

"म्हणजे टीमच वाईट आहे, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"टीमला नावं नका ठेवू, सर! मैदानाचा उतार उलटा आहे. तेवढा सुधरवून घ्या, पुढच्या वर्षी ट्रॉफी पक्की."

साहेबांनी कपाळाला हात लावला. मेमो इंगळेजींना मिळाला, माझं काम टिकलं. उतार कुणी तपासला नाही. मॅचच्या आधी खाण्यावर बंदी मात्र आली, आणि ती त्यांना मेमोपेक्षा जास्त लागली. "उपाशी पोरं ट्रॉफी उचलणार कशी?" हाच विचार ते मनाला लावून बसले. पुढचा सीझन सुरू व्हायच्या आतच हार्ट अटॅकने गेले.

त्यानंतरच्या पहिल्या मॅचला पोरं नियमाप्रमाणे रिकाम्या पोटी उतरली. सहा गोल बसले. घोषणा देणारे नेहमीसारखे हाफटाइमलाच निघून गेले होते. खेळ संपल्यावर मी पोहे वाढले, शेव भुरभुरली. गोलकीपर दोन प्लेटी जेवला.

पोह्यांचा दोष नव्हता. फुटबॉलबद्दल इंगळेजी आयुष्यात एकच गोष्ट खरी बोलले, आणि ती माझ्यासाठी बोलले होते.