आमच्या घरातला गद्दार

कोल्हापुरात माणूस आधी पेठेत जन्मतो आणि मग घरात. हे मी कौतुकानं सांगत नाही. आमच्या वडिलांना, म्हणजे आबांना, कुणी विचारलं की तुम्ही कुठले, तर ते आडनावाच्या आधी तालमीचं नाव सांगत. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत त्यांनी नोकरी केली, पण शिफ्ट मागून घेताना सामने बघून मागितली. तालमीत आता कुस्ती नावाला उरली आहे. आखाड्यात माती आहे, कोपऱ्यात मारुती आहे, पण तालीम म्हणजे फुटबॉलचा संघ आणि त्याच्यामागं उभी असलेली सगळी पेठ. माझं सासरही त्याच पेठेतलं, त्यामुळं लग्न करूनही माझी सुटका झाली नाही.

आई लवकर गेली. घरात आम्ही तिघं. माझा धाकटा भाऊ आमच्याच तालमीच्या संघात डाव्या बाजूनं खेळायचा आणि चांगला खेळायचा. त्यानं बॉल घेतला की मैदानाच्या गॅलरीत आबा उठून उभे राहायचे. मागचे लोक ओरडायचे, "आबा, बसा की! आम्हाला बी पोरगं बघू द्या." आबा काही बसायचे नाहीत.

खेळाडूंच्या बदल्या हा इथला दरवर्षीचा विषय. सीझनच्या आधी नोंदणी असते, तेव्हा या तालमीचा खेळाडू त्या तालमीत जातो आणि घेणारा संघ त्याला मानधन देतो. त्यात गैर काही नाही. आमच्या तालमीत मात्र एक रीत होती. जाणाऱ्यानं स्वतः यायचं, आपली जर्सी मारुतीपुढं ठेवायची, आखाड्यातली माती कपाळाला लावायची आणि वडीलधाऱ्यांना सांगून जायचं. असा सांगून गेलेला खेळाडू पुढं आमच्यावरच गोल करो, आमच्या गॅलरीतून त्याला शिवी जात नसे. न सांगता गेला तो गद्दार, आणि गद्दाराची गाठ सगळ्या पेठेशी.

माझा भाऊ न सांगता गेला. तेही पलीकडच्या पेठेत, जिच्याशी आमचं पिढ्यान्‌पिढ्या वाकडं.

तालमीचा कारभार बघणारे एक काका होते. आबांचे लहानपणापासूनचे दोस्त, आमच्याच गल्लीत राहणारे. त्यांनीच घरी येऊन सांगितलं, "पोरगं पैशाला भुललं. मी लई समजावलं, पर ऐकंना." आबा पाटावरून तसेच उठले. संध्याकाळी भाऊ घरी आला तेव्हा त्यांनी त्याला उंबऱ्यातच अडवलं.

"आबा, तालमीनंच मला नको म्हटलंय," तो म्हणाला. "काका म्हणालं, तालमीत पाय ठेवू नगंस, पोरं भडकल्यात, तुझ्या बापाचा अपमान करतील. जर्सी मी ठेवतो मारुतीपुढं."

"तालीम कुणाला नको म्हणत न्हाय," आबा म्हणाले. "आपलं पाप तालमीवर ढकलू नगंस."

ते काकांना विचारायला गेले. काका म्हणाले, पोरगं खोटं बोलतंय. झालं. आबांच्या दृष्टीनं तालमीचा शब्द आला होता आणि त्यापुढं पोटच्या पोराचा शब्द काहीच नव्हता. माझा भाऊ लहानपणापासून मार खाईल पण खोटं बोलणार नाही, हे मला ठाऊक होतं. मी आबांना तसं तोंडावर सांगितलं, भांडले. ते म्हणाले, "बायकांनी ह्यात पडू नये." आजही ते वाक्य आठवलं की माझं डोकं सणकतं.

पुढचा सामना आमचा आणि पलीकडच्या पेठेचा. मी घरी मोबाईलवर लाइव्ह बघत होते. भावाकडं बॉल गेला आणि आमच्या गॅलरीतून एकच आवाज उठला, "गद्दार! गद्दार!" कॅमेरा गॅलरीवर फिरला. पुढच्या रांगेत आबा उभे होते, हात वर करून, गळ्याच्या शिरा ताणून तेच ओरडत होते. मी मोबाईल पालथा ठेवला. भावानं ते ऐकलं का, हे मी त्याला कधी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती, कारण त्यानंतर त्यानं घराचं नाव काढलं नाही. पुढं गुडघा गेला, खेळ सुटला आणि तो गडहिंग्लजला एका शाळेत पोरांना फुटबॉल शिकवायला लागला. मी अधूनमधून जाऊन यायचे. आबांपुढं त्याचा विषय निघत नसे.

मग काही वर्षांनी खेळाडूंच्या बदल्यांची चौकशी लागली. तिसऱ्याच एका पेठेतल्या खेळाडूला कबूल केलेलं मानधन मिळालं नाही, त्यानं तक्रार केली, आणि एक धागा ओढला तशी सगळी वीण उसवायला लागली. खेळाडूंना न विचारता त्यांचे सौदे होत होते. मानधन मधल्या मधे जिरत होतं. फुटबॉल संघटनेनं समिती नेमली आणि जुन्या खेळाडूंनाही जबाबाला बोलावलं.

पेठेनं आधी सगळं हसण्यावारी नेलं. "असलं आपल्याकडं चालत न्हाय, पलीकडं चालतं," हे चहाच्या गाड्यावर ठरूनही गेलं. पलीकडच्या पेठेत नेमकं हेच आमच्याबद्दल ठरलं होतं. आमच्या काकांचं नाव पहिल्यांदा बातमीत आलं, त्या दिवशी तिकडं फटाके वाजले. आठवडाभरात त्यांच्याही कारभाऱ्याचं नाव आलं, तेव्हा आमच्या पोरांनी फटाके आणले, पण वाजवायला कुणाचा हात उठेना. दोन्ही कारभाऱ्यांनी मिळून, एका ताटात जेवावं तसं खाल्लं होतं. ज्यांच्यासाठी आमच्या पोरांनी डोकी फोडून घेतली, ते आतून एक होते. हे कळल्यावर पेठेला जी शांतता आली, तशी मी फक्त मयताच्या घरी बघितली आहे.

भाऊ जबाब देऊन गेला तेव्हा मात्र ही शांतता नव्हती. तेव्हा कुणीतरी त्याच्या फोटोवर काट मारून स्टेटस ठेवला होता. "गद्दार परत चावला" असं खाली लिहिलं होतं. आबांनीही तो बघितला. तेव्हा अजून त्यांचा काकांवर विश्वास होता.

समितीचा निष्कर्ष बाहेर आला त्या संध्याकाळी सगळे तालमीत जमले. एका पोरानं मोबाईलवरून मोठ्यानं वाचून दाखवलं. मी दारात उभी होते. माझ्या भावाचं प्रकरण आलं. पलीकडच्या कारभाऱ्यानंच कबूल केलं होतं की खेळाडूला तालमीची भीती घातली, तालमीला खेळाडूबद्दल खोटं सांगितलं आणि त्याच्या वाट्याचे पैसे दोघांनी वाटून घेतले. वाचणारा पोरगा अडखळला. सगळ्यांनी आबांकडं बघितलं. आबा भिंतीला टेकून बसले होते.

मग ते उठले आणि काकांच्या घरी गेले. मी मागोमाग. काका दारातच होते.

"मी तुला इचारलं हुतं," आबा म्हणाले. "तुझ्या तोंडाकडं बघून इचारलं हुतं."

काका म्हणाले, "तालमीसाठीच केलं रं. मंडप कशातनं झाला? पोरांच्या जर्स्या कशातनं आल्या?"

आबा म्हणाले, "मला पोरगं हुतं." एवढंच बोलून ते परत फिरले.

पेठेला आता भावाचा सत्कार करायचा होता. फेटा, शाल, चौकात त्याच्या फोटोचा डिजिटल फलक. ज्या पोरांनी काट मारली होती, तीच वर्गणी गोळा करत होती. मला हसावं की रडावं कळेना. भावानं फोनवर नको म्हणून सांगितलं, तर पोरं म्हणाली, "रागावलाय व्हय? राग जाईल की." आमच्याकडं डोक्यावर घ्यायला आणि पायाखाली घ्यायला एकच गर्दी लागते.

आबांनी फलकाकडं ढुंकून बघितलं नाही. एका रविवारी सकाळी पायात चपला घालून माझ्या दारात आले, म्हणाले, "गडहिंग्लजला जायाचं हाय. तू चल." एसटीत वाटभर ते खिडकीबाहेर बघत होते आणि ओठ हलत होते. काय बोलायचं त्याची तयारी चालली असावी.

भावानं दार उघडलं. "या," म्हणाला. खुर्ची पुढं केली, पाणी आणून दिलं. आलेल्या कुठल्याही पावण्याला देतात तसं. आबांनी पाणी हातात धरलं आणि तयारी केलेलं सगळं विसरले असावेत.

"माझं चुकलं," ते म्हणाले.

भाऊ समोर बसला. शांतपणे म्हणाला, "आबा, एक इचारू? समितीनं सांगितलं म्हणून आज आलासा. समिती बसलीच नसती, तर आला असतासा?"

मी मनात म्हणत होते, हो म्हणा. आता तरी खोटं बोला, पोरासाठी एकदा खोटं बोला. आबांनी हातातलं पाणी खाली ठेवलं.

"न्हाय," ते म्हणाले. "न्हाय आलो असतो."

भावानं मान हलवली. "मला ठाव हुतं," म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज तसाच होता. "जेवून जावा."

जेवताना दोघं पावसाबद्दल आणि उसाबद्दल बोलले. फुटबॉलचा शब्द निघाला नाही. निघताना तो स्टँडपर्यंत आला, मला जागा धरून दिली आणि खिडकीतून आबांना म्हणाला, "पुढच्या बारीला यायच्या आदी फोन करा." रागानं म्हणाला की मायेनं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

एसटी गावाबाहेर पडल्यावर आबांनी खिशातून मोबाईल काढून माझ्या हातात दिला.

"ह्यात त्याचा नंबर घालून दे," ते म्हणाले.

मी नंबर घातला. त्या मोबाईलमध्ये तालमीतल्या झाडून सगळ्या माणसांचे नंबर होते, मेलेल्यांचेसुद्धा. माझ्या भावाचा नव्हता.