पांढऱ्यावर पांढरी अक्षरं

काकूंनी नोटिशीला उत्तर लिहायला घेतलं तेव्हा मी त्यांच्यासमोर बसून पोहे खात होते. त्या जे लिहीत होत्या ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं. त्यांना नव्हतं. आणि तरीही पोहे माझ्या घशाखाली उतरत होते, याची मला आजही लाज वाटते.

मी मूळची वर्ध्याकडची. हिंजवडीला वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीत नोकरी आणि विश्रांतवाडीत काकूंच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणं. पुण्याच्या दोन टोकांना नोकरी आणि घर ठेवायचा शहाणपणा माझाच. पण संध्याकाळी कंपनीच्या बसमधून पिळून निघालेली मी घरी आले की काकू चहा टाकायच्या आणि माझा राग निवायचा.

काकू रुखवत करून द्यायच्या. लग्नाच्या हॉलमध्ये नवरीकडच्यांनी मांडायच्या त्या शोभेच्या वस्तू. लोकरीची तुळस, खोबऱ्याच्या वाट्यांवर नक्षी, आणि सुपाऱ्यांचे वऱ्हाडी. एकेका सुपारीला इतकुसा फेटा, आणि त्यांतला एक वऱ्हाडी हमखास तोंड फिरवून बसलेला. "कुणी रुसल्याशिवाय लग्न लागतं होय?" म्हणायच्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात बोलायला मी आणि त्या सुपाऱ्या.

दाराला पाटी होती. ‘रुखवत दाखवले जाईल. दुसरीकडे काय मिळते ते येथे सांगू नये.’ हा टोला होता पेठेतल्या एका जुन्या दुकानाला. रुखवत म्हटलं की पुण्यात त्याच दुकानाचं नाव निघतं. ते नाव त्यांनी ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेलंही आहे. एखादं गिऱ्हाईक चुकून म्हणालंच, "त्यांच्याकडे जरा वेगळं होतं," की काकू चष्म्यावरून बघायच्या. "मग तिकडेच घ्या ना. पत्ता देऊ?"

त्यांची वेबसाइट मी हौसेनं करून दिली. फोटो मीच काढले. रुसलेला वऱ्हाडी पहिल्या पानावर ठेवला. काकूंनी देवापुढे साखर ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून विचारायला लागल्या, "आलं का गं कुणी?"

कुणी येत नव्हतं. एक महिना गेला, दुसरा गेला. रोज चहाचा कप हातात आणि रोज तोच प्रश्न. मी म्हणायचे, "येतील हो काकू, वेळ लागतो." त्या म्हणायच्या, "लागू दे की. मला कुठं गाडी पकडायचीय?" पण त्यांचं तोंड एवढंसं व्हायचं. मला ते बघवेना.

ऑफिसात जेवताना मी हे बोलले तर शेजारचा म्हणाला, "अगं, मोठ्या दुकानाचं नाव टाक ना आत. सगळेच टाकतात. कोण बघतंय?" प्रत्येक पानाच्या पोटात असे काही शब्द लिहिता येतात, जे वाचणाऱ्याला दिसत नाहीत, फक्त शोधणाऱ्या यंत्राला दिसतात. तिथे मी पेठेतल्या दुकानाचं नाव घातलं. तेवढ्यानं हल्ली फारसं होत नाही हे मला माहीत होतं, म्हणून पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत तेच नाव पुन्हा लिहिलं. एकदा नाही, ओळीच्या ओळी. हात जरा अडखळला होता. खोटं कशाला सांगू? अडखळला आणि पुढे गेला.

आणि लोक यायला लागले! पहिल्या आठवड्यात नऊ, मग वीस, मग त्याहून जास्त. फोन वाजू लागले. काकू अख्ख्या गल्लीला सांगत सुटल्या, "लोक मला शोधत येतात हो. कोण कुठली वाघोलीची मुलगी, नाव शोधून आली!" कोपऱ्यावरच्या किराणावाल्यालासुद्धा पेढा दिला. केस रंगवले. मी म्हटलं, "काय काकू, आता नोकर ठेवा." तर म्हणाल्या, "आधी भाडेकरू बदलते, फार बोलते." आम्ही दोघी खूप हसलो.

मग ते रजिस्टर पाकीट आलं. पेठेतल्या दुकानाच्या वकिलांची नोटीस. आमच्या नावाचा तुमच्या वेबसाइटवर छुपा वापर करून तुम्ही आमची गिऱ्हाइकं वळवता, तो थांबवा आणि लेखी माफी मागा.

काकू संतापल्या नाहीत, खूश झाल्या. अशी संधी त्यांना आयुष्यात मिळाली नव्हती. माझ्यापुढे पोह्यांची बशी सरकवली, स्वतः लेटरपॅड घेऊन बसल्या आणि वळणदार अक्षरात लिहिलं, ‘आपले नाव आमच्या घरात घेण्यास मनाई आहे, हे आपण येऊन पाटीवर वाचावे. जे नाव आम्ही तोंडाने घेत नाही ते चोरून कशाला घेऊ? माझ्या वेबसाइटवर आपले नाव एका जागी जरी दाखवलेत तरी मी हा व्यवसाय बंद करीन.’

मोठ्यानं वाचून दाखवलं. "कसं झालंय?"

आत्ता बोल, आत्ता बोल, असं मी स्वतःला म्हणत होते. आणि तोंडातून निघालं, "झकास."

त्या पोस्टात गेल्या. मी धावत वर गेले आणि त्या सगळ्या ओळी पुसून टाकल्या. वाटलं, नसलेलं कोण दाखवणार? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण माझ्यासारख्या चोराला तेवढीही अक्कल नव्हती.

पंधरा दिवसांत त्यांचं उत्तर आलं, जाड पाकीट. काकू मला घेऊन शिवाजीनगरला आपल्या ओळखीच्या वकीलबाईंकडे गेल्या. बाईंनी कागद टेबलावर पसरले. नोटीस पाठवण्याआधीच काढून ठेवलेले आमच्या पानाचे फोटो होते. कुणीतरी माउस ओढून पानावरचा सगळा मजकूर निवडला होता, आणि रुसलेल्या वऱ्हाड्याच्या खाली, जिथे पांढरं कोरं होतं, तिथे निळ्या पट्ट्यावर ते नाव उमटलं होतं. पुन्हा. पुन्हा. पुन्हा. पानाच्या पोटातले शब्दही त्यांनी छापून पाठवले होते.

"गिऱ्हाइकाला दिसलं नाही म्हणजे वापरलं नाही, असं होत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "नाव त्यांचं आहे. त्या नावावर माणसं ओढली, एवढं पुरे. आणि नोटीस मिळाल्याच्या दिवशी पुसलंत, ते आणखी वाईट दिसतं. ही वेबसाइट कोण बघतं?"

काकूंनी तो कागद उचलला. चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा लावला. मग माझ्याकडे बघितलं. मी खाली बघत होते. त्यांना कळायला तेवढं बस होतं.

"मीच बघते," त्या म्हणाल्या. "चूक माझी. माफी लिहून देते."

मी तोंड उघडलं तर माझ्या मनगटावर हात ठेवला आणि दाबला. माया नव्हती त्या हातात. गप्प बस, एवढंच होतं. मग ज्या अक्षरात ते पत्र लिहिलं होतं त्याच अक्षरात त्यांनी पेठेतल्या दुकानाची माफी मागितली. त्यांचं नाव, पूर्ण, आदरानं, तीनदा लिहावं लागलं.

रिक्षात मी रडत होते, त्या बाहेर बघत होत्या. घरी आल्यावर त्यांनी चहा टाकला नाही. स्टूल घेतलं, पाटी काढली आणि उलटी करून भिंतीला टेकवली.

"काकू, मला शिव्या द्या," मी म्हटलं. "तुमचं तोंड उतरलेलं बघवत नव्हतं मला, म्हणून केलं हो."

"ते राहू दे. एक सांग. जे आले ते सगळे त्यांनाच शोधत होते?"

"नाही, तसं नाही. तुम्हालाही शोधत होते की," मी म्हटलं. इतकं होऊनही मी तेच केलं.

"दाखव."

मी लॅपटॉप उघडला. लोक काय काय शोधत आमच्या पानावर आले त्याची यादी असते. त्यांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. पेठेतलं नाव. पेठेतलं नाव आणि रुखवत. तेच नाव, दुकानाची वेळ. यादी संपत आली तसं त्यांचं बोट हळू झालं. अगदी तळाशी काकूंचं नाव होतं.

"हे बघ," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम हलका झाला. "एक तरी आहे की. कोण असेल गं?"

या वेळी मी खोटं बोलले नाही. "मी, काकू. वेबसाइट लागते का ते बघत होते."