नंबराच्या बाटलीतला घोट

"आधी मी, मंग पाव्हना," असं म्हणत तो डावातला थेंब तळहातावर घ्यायचा आणि चाटून बघायचा. राहुरीकडच्या एका साखर कारखान्याच्या गेस्ट हाउसचा तो आचारी, आणि मी तिथला कारकून. त्यानं चाखल्याशिवाय काहीही बाहेर जात नसे. असे आचारी तुम्हीही पाहिले असतील, पण हा पिण्याचं पाणीसुद्धा चाखायचा. मी विचारायचो, "मीठ बेताचं आहे ना?"

"हसा भाऊसाहेब, हसा."

माणूस ख्रिस्ती. दारूला शिवणार नाही, अशी त्यानं चर्चमध्ये शपथ घेतली होती. त्याचा थोरला भाऊ दारूबंदीच्या दिवसांत लाकडाचं पॉलिश प्यायला. आधी डोळे गेले, मग भाऊ गेला.

मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षी यंत्रं बघायला एक गोरा इंजिनिअर आला. त्यानं आमच्या दोन साहेबांसाठी स्कॉच आणली होती. अशा मोजक्याच बाटल्या भरल्या होत्या म्हणे, आणि प्रत्येकीवर हातानं नंबर घातलेला. पेले भरायला बाटली स्वयंपाकघरात आली. यानं बूच काढलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"वास घ्या भाऊसाहेब."

मी नाक लावलं. धूर, आणि वर दवाखान्यातल्या टिंक्चरचा दर्प.

"भावाच्या तोंडाला ह्योच वास हुता," तो म्हणाला आणि तसाच व्हरांड्यात साहेबांना सांगायला गेला. लगेच परत आला. "हसले. भारी मालाला असाच वास असतो म्हनले."

मी काही बोलायच्या आत त्यानं कपात घोटभर ओतली, डोळे मिटले आणि पिऊन टाकली.

"आता मी सांगेपतुर पेले न्यायचे न्हाईत."

तो भिंतीला टेकून बसला. समोरच्या कॅलेंडरवरचे वार मोठ्यानं वाचू लागला. मी त्याची नाडी धरली. त्यातलं मला काय कळणार? पण हात सोडवत नव्हता. बाहेरून हाका येत होत्या. दिवस मावळला, मी विजेचा दिवा लावला. तो पुन्हा सोमवारपासून वाचू लागला.

आणि एकदम काळोख झाला.

"गेले! भाऊसाहेब, माझे डोळे गेले!"

"अरे, लाइट गेलीय!" मी ओरडलो. त्याला पटेना. काडेपेटी सापडेना, सापडली तर काड्या मोडायला लागल्या. शेवटी एक पेटली. त्यानं माझं तोंड दोन्ही हातांत धरून नीट पाहिलं आणि तो लहान पोरासारखा रडला.

मग तोंड धुऊन त्यानं पेले नेऊन दिले. साहेब लोकांनी वाहवा केली. "थांब, त्यांना सांगतो तू काय केलंस ते," मी म्हणालो.

"नका. जेवन गोड लागायचं न्हाई त्यांना. आन् सांगनार काय? त्यात इख न्हवतंच. मंग ही नुसती दारूच झाली की."

रविवारी चर्चमध्ये उभा राहून तो एवढंच म्हणाला, "मी दारू प्यालो." का, ते त्यानं कुणालाच सांगितलं नाही.

तो वारला तेव्हा मी त्याच्या घरी भेटायला गेलो. बोलता बोलता त्याच्या बायकोला ही हकिगत सांगितली.

"मला वाटलं, ह्यांचं बी थोरल्यावानी सुरू झालं," ती म्हणाली. "वरीसभर मी त्यांच्याशी बोलले न्हाई."